पोटावरचा हात

माय, गेल्या सोमवारी वर्गात एका पोरीने तुझ्याबद्दल विचारलं. आपण कोणाबद्दल विचारतोय हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी बुलढाण्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते हे तू पाहून गेलीस. आता ज्या मुली पुढे स्वतः शिकवणार आहेत, त्यांचाही एक तास माझ्याकडे आलाय. माणूस शिकतो कसा, आणि शिकता शिकता मिटतो कसा, असा तो विषय आहे. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिते की चारचौघांत ज्याचा अपमान होतो, तो चुका करायचं सोडत नाही, बोलायचं सोडतो. मुली निमूटपणे उतरवून घेतात. त्यांना वाटतं, मॅडमचा अभ्यास दांडगा आहे.

तुला दाईंचं ते प्रशिक्षण आठवत असेल. धामणगाव बढ्याच्या बाजारापलीकडे आपलं गाव, आणि मी त्याच भागात नर्स म्हणून नेमणूक मिळवून आले होते. केवढा तोरा होता माझा. पांढरी साडी कडक इस्त्रीची, वरच्या ॲप्रनच्या खिशाला दोन पेनं. आरोग्य केंद्राच्या ओसरीत सतरंजी अंथरलेली, तुम्ही वीस-बावीस दाया मांडी घालून बसलेल्या, आणि भिंतीशी खुर्चीवर आमचे नवे डॉक्टर. ते पुण्याकडचे होते. आपल्या बोलण्यातलं ‘काऊन’ आणि ‘मले’ ऐकलं की त्यांना हसू यायचं, आणि ते हसले की मला घाम फुटायचा. शिकवायला कापडाची बाहुली होती. आदल्या आठवड्यात तूच ती माझ्या जुन्या परकराची शिवून दिली होतीस, नाळ म्हणून परकराचीच नाडी लावली होतीस. डॉक्टरांनी बाहुलीचं कौतुक केलं तेव्हा ती कोणी शिवली हे मी सांगितलं नाही. तू माझी आई आहेस हेही सांगितलं नाही.

मी विचारलं, बाळ जन्मलं की पहिलं काम कोणतं? उत्तर तक्त्यावर छापलेलं होतं, बाळाला कोरडं करून गुंडाळायचं. तू हात वर केलास. बाकीच्या बायका बोलायला बुजत होत्या. लेक शिकवतेय म्हणून तुला धीर आला असेल. तू म्हणालीस, “लेकरू दुसरीच्या हाती द्या लागते अन् आपण बाईच्या पोटावर हात ठेवा लागते. पोट घट्ट लागलं म्हणजे बाई वाचली. नरम लागलं तं आत रगत जमा होऊन राह्यलं समजा.” डॉक्टर हसले. तुझ्या उत्तराला नाही, तुझ्या बोलण्याला. पण मला तेवढं कुठे दिसत होतं? मी शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाले, “मावशी, प्रश्न बाळाचा आहे. पोटं चोळत बसायच्या जुन्या सवयी आता सोडा. जिथे नर्स असेल तिथे तुम्ही मध्ये हात घालायचा नाही.” आणि मीही हसले. सगळ्या हसल्या, फक्त आपल्या गावच्या दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, कारण मी कोणाला मावशी म्हणाले हे त्यांनाच माहीत होतं. तू हात खाली घेतलास आणि पदराने तोंड पुसलंस. दिवसभरात पुन्हा तो हात वर आला नाही.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून तू मला विचारलंस, “शिस्टर, भाकर वाढू का?” मला वाटलं, चेष्टा करतेयस. मी खुशाल जेवले, वर ठेचा मागून घेतला. चेष्टा नव्हती ती. बाळंतपणाचा विषय निघाला की त्या दिवसापासून तू मला शिस्टरच म्हणायचीस, आणि एरवी पोरी म्हणायचीस.

मग कापूस वेचणीच्या दिवसांतली ती दुपार. आपल्या मागच्या गल्लीतली सून, पहिलटकरीण. तिच्या घरच्यांनी मला बोलावलं आणि घरातल्या म्हातारीच्या हट्टामुळे तुलाही. मुलगी झाली, छान रडली. मी तिला पुसलं, गुंडाळलं, काट्यावर वजन केलं, वार पडली ती तपासली, आणि रजिस्टर उघडून लिहायला बसले. सगळं तक्त्याप्रमाणे चाललं होतं. तू भिंतीला टेकून उभी होतीस, दोन्ही हात पदरात. एकदाच म्हणालीस, “शिस्टर, पाहता का?” मी मान वर न करता म्हणाले, “झालंच, एवढं लिहिते.” मी पाहिलं तेव्हा तिच्याखाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या कडेवरून रक्त जमिनीवर उतरलं होतं. पोटावर हात ठेवला तर ते मळलेल्या कणकेसारखं मऊ. मग मी चोळलं, इंजेक्शन दिलं, जीप बोलावली, घाटातून बुलढाण्यापर्यंत तिच्या पोटावरचा हात काढला नाही. ती वाचली. पण तिची पिशवी काढावी लागली, आणि तेव्हा ती विशीचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्यावरच चिडले. बघ कशी होते मी. म्हणाले, “माय, तुले समजलं होतं ना? मंग हात काऊन नाही लावला?” तू तूर निवडत होतीस. म्हणालीस, “समजलं होतं. पण मंग वाटलं, आपलंच चुकत असंन. तू शिकेल हायेस.” थोड्या वेळाने म्हणालीस, “तूच म्हणली होती ना, मधात हात घालू नका.” तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते. पण तू खरंच तसं मानलं होतंस. चाळीस वर्षं ज्या हाताने गावातल्या बायका वाचवल्या, त्या हातावरचा तुझा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला होता, तेही डॉक्टरांनी मला अडाणी समजू नये म्हणून. मी उठून आत गेले आणि रजिस्टरच्या रेघा मारत बसले.

गावात तू सांगत फिरलीस की शिस्टर होती म्हणून सून वाचली. त्यानंतर कोणी तुला बोलवायला आलं की तू माझ्याकडे पाठवायचीस. ती बाई अजून भेटते. संक्रांतीला तुरीच्या शेंगा घेऊन येते, वाकून पाया पडते. मी नको नको म्हणते, पण पाय मागे घेत नाही.

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. त्यात ‘एक दाई’ असते आणि ‘एक शिकवणारी नर्स’ असते. छान रंगते, मुलींचे डोळे भरतात. गेल्या सोमवारी मोताळ्याकडची एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, “म्याडम, मंग त्या नर्सबाईनं दाईची माफी मागतली का?” मी म्हणाले, “हो, मागितली.” पोरगी समाधानाने खाली बसली आणि मी पुढचा मुद्दा लिहायला फळ्याकडे वळले.

माय, तू शेवटची अकरा वर्षं माझ्याच घरी होतीस. रोज सकाळी आपण समोरासमोर बसून चहा प्यायलो, मला एकदाही ते जमलं नाही. आज चार पानं भरली, तेव्हा कुठे कळलं की लिहायला का जमलं. तुला अक्षरओळख नव्हती. मामाची पत्रं, पेन्शनचे कागद, सगळं मीच तुला वाचून दाखवायचे. तू असतीस तर हेही माझ्याच हातात देऊन, समोर बसून म्हणाली असतीस, “वाच, पोरी.” आणि ते मला अजूनही वाचता आलं नसतं.