मान खाली घालून पाहिलेलं नाटक

डोंबिवली पश्चिम,
रविवार, दुपार

ति. सुदेशमामास,

तुझ्या भाचीचा, संचिताचा, वाकून नमस्कार. (पूर्ण वाकले नाही, कंबर धरली आहे, भाव मात्र पूर्ण आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? आंबिवलीला रात्री अजून गार असतं का? आमच्याकडे सगळे बरे आहेत. मितेश बरा आहे. सान्वी बारावीत असल्यामुळे आम्ही सगळेच बारावीत आहोत. फोनच केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि मला सांगायचं आहे ते पुष्कळ आहे. शिवाय मामा पोस्टात आणि भाचीचं कधी पत्र नाही, हेही बरं दिसत नाही.

आमचं संध्यारंग महिला मंडळ तुला ऐकून माहीत आहे. पाडव्याला वर्षाची नाटकं ठरतात. मग कधी इथेच, कधी कल्याणला, कधी ठाण्याला बस करून आम्ही सगळ्या जातो. गजरे बसमध्ये वाटले जातात आणि डबे परतीच्या वाटेवर उघडतात. यातलं एक नाटक मात्र ‘न सांगता’ असतं. ते कोणतं, हे फक्त आमच्या अध्यक्षा शांताबाईंना ठाऊक. (आधी कळलं की अर्ध्या जणी म्हणतात आम्ही पाहिलंय, आणि उरलेल्या त्यांना शेवट विचारतात. म्हणून ही पद्धत.) त्या दिवशी नाट्यगृहाच्या फाटकाशी सगळ्यांनी मान खाली घालायची, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि बाहेरच्या फलकाकडे न बघता आत शिरायचं. सर्वांत पुढे शांताबाई. तिशीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या बायका, चांगल्या साड्या नेसून, आगगाडी आगगाडी खेळत चालल्या आहेत असं ते दृश्य असतं. हसू नकोस. मला तो क्षण फार आवडतो.

यंदा नाटकांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि त्याच वर्षी दर्शनाने ठराव आणला. दर्शना बँकेत आहे, नीटनेटकी आहे आणि तिचं म्हणणं असं की नाटकं पुरे झाली, पुढच्या वर्षीपासून ते सगळं बंद करून कर्जतला रिसॉर्टवर जाऊ. तिथे झोपाळे आहेत, हुरडा आहे आणि कृत्रिम पावसात नाचायची सोय आहे. निम्म्या जणी आधीच मनाने पावसात उभ्या होत्या. मतदान ‘न सांगता’ नाटकानंतरच्या सभेत घ्यायचं ठरलं. म्हणजे ते नाटक पडलं की शांताबाईंनी उभं केलेलं सगळंच पडलं, आणि तेही माझ्या हातून. मी महिनाभर नीट जेवले नाही. (वजन मात्र तेवढंच आहे.)

त्यात शांताबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यांनी मला फोनवर सांगितलं की ठाण्याला जायचं, दारावर त्यांचं नाव सांगायचं, नाटक वेगळं आहे, सुरुवातीला काही कळणार नाही, पण कोणी उठायचं नाही. नाटकाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. तेव्हा आगगाडीचं इंजिन मी, आणि इंजिनालाही वर बघायची बंदी.

मान खाली घालून चालताना जग नुसतं पायांचं होतं, मामा. माझ्या पावलांपुढे संध्याकाळचं ऊन होतं, त्यात सांडलेल्या शेवंतीच्या पाकळ्या होत्या आणि मागून पैंजणांचा आवाज येत होता. मला वाटलं, आपण कुठेही पोचलो तरी चालेल. मग गुलाबपाण्याचा वास आला, दोन चकचकीत बूट दिसले आणि बूट म्हणाले की या, या, फार बरं केलंत, वरच्या मजल्यावर या. मी शांताबाईंचं नाव सांगितलं. बूट म्हणाले, सगळी आपलीच माणसं, बसा. मला वाटलं, काय ओळख आहे बाईंची.

वरचं सभागृह लहान होतं आणि जवळजवळ रिकामं होतं. रंगमंचावर चादर घातलेलं टेबल, काही खुर्च्या, एक माइक, आणि मागे कापडी फलक: ‘श्री. चांगदेव साळवे सेवापूर्ती सोहळा’. आमच्या विमलाबाई नाटकातलं सगळं जाणतात. त्या हळूच म्हणाल्या की नाटकाचं नावच नेपथ्यात लावलंय, कल्पक आहे. मग माइक किंचाळला, एक गृहस्थ उठून त्याच्यावर टिचक्या मारत राहिले, पाहुण्यांचं नाव चुकलं, हार आधी दुसऱ्याच माणसाला घातला गेला आणि काढून परत घातला. विमलाबाईंनी माझा हात दाबला. इतकं नैसर्गिक काम त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

साळवे मध्ये बसले होते. आयुष्यभर पाणी खात्यात, पहाटे रस्त्यातल्या चाव्या फिरवून वस्त्यांना पाणी सोडायचं काम. ते सारखे दाराकडे बघत होते, घड्याळाकडे बघत होते, अर्धे उठून परत बसत होते. आमच्या रांगेतून आवाज आला, डोळ्यांत काय अस्वस्थता आहे बघ. मध्यंतर झालंच नाही. (प्रायोगिकमध्ये नसतं, असं विमलाबाईंनी मागच्या रांगांना कळवलं.) उलट बटाटेवडे आणि पेढेच खुर्च्यांपर्यंत आले, तेव्हा दर्शनाचासुद्धा चेहरा जरा सैल पडला.

पेढे घेऊन आलेल्या बाई साळव्यांच्या पत्नी, केशरबाई. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

“ताई, तुम्ही ह्यांच्या खात्यातल्या का? बाकीचं सगळं खातं दुपारीच पाइप फुटला तिकडे गेलंय बघा. मला वाटलेलं, आज खुर्च्यांनाच पेढे द्यावे लागतात.”

माझ्या डोक्यात पाइप फुटला: हा समारंभ खराच होता. खालच्या मोठ्या रंगमंचावर आमचं नाटक चाललं होतं, आमच्या रिकाम्या रांगांसमोर. मी उठले असते तर सगळं मंडळ उठलं असतं आणि मागे घरची चार माणसं आणि तो माइक उरला असता. न उठावं, तर नाटक म्हणून एका माणसाचा निरोपसमारंभ दाखवणारी नाट्यप्रमुख म्हणून मी कायमची कर्जतला. केशरबाई तशाच उभ्या होत्या, ताट हातात. मी पेढा तोंडात घातला. तोंडात पेढा असला की खरं बोलता येत नाही, आणि खोटंही.

मग केशरबाईंना बोलायला लावलं. त्या नको नको म्हणत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे पहाटे उठून सगळ्या गावाला पाणी सोडायचे. आम्ही राहायला दिवा स्टेशनपाशी. मी टँकरची वाट बघायचे.” सभागृह हसून हसून लोळलं. (सभागृह म्हणजे आम्हीच.) केशरबाई आधी दचकल्या, मग त्याही हसल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून खाली बसल्या. विमलाबाई पुटपुटल्या, “काय लिहिलंय बाई.”

साळवे उठले आणि त्यांनी माइक बाजूला केला. म्हणाले की पहाटे चावी फिरवली की आधी जमिनीखालून आवाज येतो, मग एकेका इमारतीत एकेक दिवा लागतो, आणि ते तिथे अंधारात उभे राहून बघायचे. कोणाला माहीत नसायचं खाली कोण उभं आहे. “उद्यापासून ते दिवे मी न बघता लागणार, एवढंच जरा चुकल्यासारखं वाटतंय.” आणि बसले.

त्यानंतर निवेदकाने आमच्याकडे बघून उपस्थित भगिनींतर्फे पुष्पगुच्छ द्यायला एकीला बोलावलं. सर्वांत कडेला बसलेली म्हणून दर्शना गेली. प्रेक्षकांना नाटकात ओढतात हे तिने ऐकलं होतं, त्यामुळे ती तयारीने चढली आणि वर गेल्यावर सगळी तयारी विसरली. त्यांच्या हातात फुलं देऊन म्हणाली, “काका, आमच्या स्वयंपाकघरातला दिवा पहिला लागतो. तुम्ही बघितला असेल.” आणि चष्मा काढून रडली. बँकेतली दर्शना. ती इकडे डोंबिवलीजवळ कोपरला राहते आणि काका ठाण्यात पाणी सोडायचे, पण त्या वेळी हा हिशेब कोणी मांडला नाही. आम्ही उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. साळवे दोन्ही हात जोडून उभे होते आणि आता ते दाराकडे बघत नव्हते.

बाहेर पडताना मी सगळ्यांना पुन्हा माना खाली घालायला लावल्या. (खाली खऱ्या नाटकाचा फलक होता ना.) यंदापासून जातानाही, नवा नियम आहे, असं ठोकून दिलं. कोणी वाद घातला नाही, सगळ्यांचे डोळे तसेही रुमालात होते. शांताबाईंनी रात्री फोनवर विचारलं, तेव्हा मी ‘वेगळं होतं’ एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं नव्हतं?

तेव्हापासून मला काय झालंय कळत नाही. सकाळी नळाला पाणी आलं की मी हातातलं काम ठेवून दिव्याखाली जरा उभी राहते, खालून कोणी बघत असेल तर त्याला दिसावं म्हणून. लिफ्टवाला दार उघडून बाजूला होतो, भाजीवाली जुडी सोडवते, आणि मला वाटतं पडदा केव्हाच वर गेलाय, आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. मितेश म्हणतो, डॉक्टरांना दाखवू.

सभा झाली. रिसॉर्टचा ठराव पडला आणि तो दर्शनानेच पाडला. नाटकं चालू राहणार. तेव्हा काळजी नसावी, तब्येत सांभाळ, गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
संचिता

ता. क. नाटकं चालू राहणार, पण एका अटीवर. पुढचं ‘न सांगता’ नाटक त्याच मंडळींचं हवं. एकमताने मंजूर आहे. शांताबाई माझ्यावर इतक्या खूश आहेत की ते आणायचंही माझ्यावरच सोपवलंय.

ता. क. २. आईकडून कळलं की मे अखेर तू निवृत्त होतोस आणि मामी गेल्यापासून आपलं कोण येणार म्हणून समारंभ नको म्हणालास. मामा, माझ्याकडे येणारी माणसं भरपूर आहेत, फक्त कार्यक्रम नाही. कल्याणचं लहान सभागृह मी कालच धरून आले. तू नेहमीचा शर्ट घालून ये आणि बायकांची एक रांग मान खाली घालून आत येताना दिसली तर काही विचारू नकोस.

ता. क. ३. मामीबद्दल बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर राहू दे. समोरच्या रडायला लागल्या तर बुजू नकोस. त्या एरवी तिकीट काढून रडतात.