चहूबाजूंनी एकच शेजारी

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका देशाची माहिती सांगायला बसले आहे. बसले आहे म्हणजे काय, मघापासून सारखी उठतेच आहे. आतल्या खोलीत तुमची नात, माझी पोर, कपाट उपसते आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. इंजिनिअर झाली, लोणावळ्याजवळ घाटातल्या बोगद्याच्या कामावर हेल्मेट घालून उभी राहिली, आणि आता तिला परदेशातल्या बोगद्यावर बोलावलं आहे. पण तिचा पासपोर्ट सापडत नाही. सोमवारी सकाळी तो ऑफिसात दिला नाही, तर तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. थोड्या थोड्या वेळानं एक खण धाडकन बंद होतो, आणि मी इथे स्वयंपाकघरात, ओट्याशी स्टूल ओढून कागद पुढे घेऊन बसते, पुन्हा उठते, गॅस मोठा करते, लहान करते.

देशाचं नाव लेसोथो. मी कधी ऐकलं नव्हतं, तुम्ही तर नाहीच नाही. आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाला एक भलामोठा देश आहे, त्याला तिन्ही बाजूंनी समुद्र. त्याच्या पोटात हा एवढासा देश, सगळा डोंगराळ, थंडीत बर्फ पडतं असा. समुद्र नसलेले देश जगात पुष्कळ आहेत, पण त्यांना बहुधा दोन-चार शेजारी तरी असतात. एकाशी वाजलं तर दुसऱ्याच्या दारातून जाता येतं. याला चहूबाजूंनी एकच शेजारी. मीठ, औषधं, गाड्यांचं तेल, बाहेरून काय यायचं ते त्याच्या बंदरात उतरणार आणि त्याच्याच रस्त्यानं आत येणार. पोरीनं मोबाइलवर नकाशा दाखवला तेव्हा मला तिथे देश दिसलाच नाही. आपलं सुदुंबऱ्याचं वावर दिसलं.

दर वर्षी पेरणीआधी तुम्ही मला बरोबर घेऊन शेजारच्या आबांच्या दारात जायचात. आपलं वावर वर टेकडीला लागून, खाली बाकी सगळीकडून आबांची जमीन, आणि गाडी न्यायची तर त्यांच्याच बांधावरून. तुम्ही पायरीखाली उभे राहायचात, डोक्याचं मुंडासं नीट करायचात आणि म्हणायचात, "आबा, औंदा बी वाट लागंल." आबा सुपारी कातरत म्हणायचे, "जावा की. पर बैलाला मुसकं घाला." मला त्या पायरीचा संताप यायचा. दर वर्षी काय मागायचं, आपलंच वावर ना? परत येताना मी पाय आपटत चालायची आणि तुम्ही माझ्यावर खेकसायचात, "पाय उचलून टाक. त्यांचं रोप हाय तितं."

मग ते एक साल आलं. आपल्या बैलानं जाता जाता त्यांच्या मक्याला तोंड लावलं, आबांच्या थोरल्या मुलानं शिव्या दिल्या, दादानं उलट दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या रचलेल्या. आत आपलं भात कापून पडलेलं. गाडी आत जाईना, भात बाहेर येईना, आणि आभाळ भरून आलेलं. आई खळ्यावर उभी राहून रडली, मी तिला तशी पुन्हा कधी पाहिली नाही. दादा काडेपेटी घेऊन निघाला होता. तुम्ही त्याचा दंड धरलात. "काट्यांला हात न्हाई लावायचा कुणी." मला वाटलं, झालं, आता पुन्हा पायरीखाली उभे राहणार.

तुम्ही खोरं घेतलंत आणि वर गेलात, पाझराकडे. आपल्या वावरात तेवढं एक होतं, बारा महिने पाझरणारं पाणी, आणि ते पाटानं खाली आबांच्या रानात जायचं. त्यांच्या कांद्याची लागण नुकती झालेली. तुम्ही पाटाच्या तोंडाशी माती ओढलीत, पायानं दाबलीत आणि बांधावर बसून भाकरी खाल्लीत. मी शेजारीच होते. पाणी मागे वळलं, आपल्याच खाचरात पसरलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाहिलं तर बाभळी गायब. कुणी काढल्या, कुणी विचारलं नाही. तुम्ही खोरं घेऊन माती सारली आणि दादाला म्हणालात, "जुप गाडी."

संध्याकाळी आबा स्वतः आले. बांधावर तुमच्या शेजारी टेकले.

"काल पानी आलं न्हाई, भाऊ."

"व्हय? गाडी बी भाईर आली न्हाई."

"कांदा कोमेजला की वो लय."

"भिजलं असतं की आमचं भात."

आणि मग दोघंही हसलात. आबांनी तंबाखूची डबी पुढे केली. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की दर वर्षी वाट मागून झाल्यावर आबाही काहीतरी पुटपुटायचे, 'पान्याचं बगा' असं काहीतरी, आणि मी तोवर रागानं पाठ फिरवलेली असायची. त्या रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "ह्यांच्या आज्यानं आपल्या लोकांना हिरीवर चढू दिलं न्हाई. आपल्या हातचं पानी अजून प्येत न्हाईत, पर कांद्याला चालतंय." आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या लेसोथोचंही तसंच आहे, भाऊ. त्यांच्याकडे पाणी आहे. डोंगरात मोठी धरणं बांधून ते पाणी बोगद्यातून शेजाऱ्याला देतात आणि त्याचे पैसे घेतात. तुमची नात तिकडे चालली आहे ती त्याच कामावर. तिथली माणसं घोंगडी पांघरून घोड्यावर बसतात, मक्याचं पीठ शिजवून खातात, आणि पिढ्यानपिढ्या पुरुषमाणसं शेजाऱ्याच्या खाणीत राबायला जातात. शेजारी देशात गोऱ्यांचं राज्य होतं आणि काळ्या माणसाला वेगळं दार, वेगळा नळ होता, तेव्हा तिथून जीव घेऊन पळालेल्यांना या चिमुकल्या देशानं घरात घेतलं. त्यावरून शेजाऱ्यानं एकदा सीमेवरची नाकी आवळली, माल अडवला, आणि काही दिवसांत आतलं सरकार पडलं. हे पोरीनं मला कौतुकानं सांगितलं. "आई, म्हणजे बघ, केवढासा देश आणि केवढी हिंमत!" मला हिंमत ऐकूच आली नाही. मला फक्त बंद नाकी दिसली आणि त्यांच्या आत माझी पोर.

तेव्हापासून मला चैन नाही. आंबी गावच्या कारखान्यात मालाच्या तपासणीला बसते तर हातातला नग चांगला की वाईट कळत नाही, सुपरवायझर दोनदा बोलला. घरी येते, मोबाइल घेते आणि बोटानं त्या देशाच्या कडेकडेनं फिरते, बाहेर पडायला कुठे फट आहे का पाहत. फट नाही. विमान आहे म्हणे, पण तेही शेजाऱ्याच्या आभाळातूनच. पोर म्हणते, "अगं, आता तसलं काही राहिलेलं नाही, लोक रोज ये-जा करतात. आणि दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." मी म्हणते, "जा की, मी कुठं अडवलंय?" आणि भांडी आपटते.

तुमच्यासारखं व्हावं असं फार वाटतं. पण खरं सांगू का, मी तुमच्यावर गेले नाही. मी आबांच्या त्या थोरल्या मुलावर गेले. मला भीती वाटली की मी आधी वाट बंद करते. भाऊ, पासपोर्ट तांदळाच्या डब्यात आहे. मीच परवा खुपसला, अगदी तळाशी, दादानं पाठवलेल्या आपल्याच वावरातल्या तांदळाखाली. घरभर शोधताना ती दोनदा या डब्यापाशी येऊन उभी राहिली आणि मी तिला माळ्यावर बघायला पाठवलं.

आलेली पत्रं मी तुम्हाला वाचून दाखवायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मधेच "फिरून वाच" म्हणायचात. हे तुम्हाला कोण वाचून दाखवणार? घडी करून डाळीच्या डब्यामागे ठेवते. आत आवाज थांबला आहे. ती पलंगाच्या कडेला नुसती बसून असणार, आई बसायची तशी. तिच्या हातात पासपोर्ट ठेवून 'चुकलं माझं' म्हणायची माझ्यात ताकद नाही. बाभळी काढणाऱ्यानंही काही म्हटलं नव्हतं. आता तिला हाक मारते, आज भात तू टाक म्हणते. वरचे तांदूळ नको, तळातले घे, असंही सांगते.