चौकटीवरच्या खुणा

३ मार्च
वही, रागावू नकोस. अकरा दिवस तुला हात लावला नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, लिहायला-वाचायला बंदी होती. पण आज मनात नुसतं ढवळतंय.

उद्या लेक मला तपासणीला गाडीने नेणार. येताना वाकडी वाट करून जुन्या खाणीच्या गावी जाऊ, म्हटलं. "बाबा, तिथे आता कुत्रंसुद्धा राहत नाही!" ठाऊक आहे गं. पण मुलगा तिथूनच घर सोडून गेला ना! सतरा वर्षांचा होता. सुतारकी नको म्हणाला, आणि मी म्हटलं, "मग या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस." पुढे खाण बंद पडली, गाव उठलं, आम्हीही निघालो. नवा पत्ता त्याला कुठे माहीत? आला आणि घर ओसाड दिसलं तर?

दारावर पत्ता कोरून येतो. पिशवीत पटाशी ठेवली. ही म्हणाली, "अक्षर तेवढं माणसासारखं काढा."

४ मार्च
हात्तिच्या! दोनदा रस्ता चुकलो, खड्ड्यांनी कंबर मोडली, आणि गाव म्हणजे काय — नुसतं गवत! छपरं बसलेली. एकाही घराला दार नाही. तीन गल्ल्यांची दारं माझ्या हातची, सगळी कुणीतरी उचकटून नेली. आता कोरू कुठे?

डॉक्टरांच्या थेंबांनी सगळं धूसर. बोटांनी चाचपून आमची चौकट ओळखली. मुलाची उंची मी तिसऱ्या वाढदिवसापासून दरवर्षी कोरायचो, त्या खुणा शाबूत आहेत. त्यांच्या खालीच पत्ता कोरला.

"इथे कोण येणार वाचायला?" लेक बोलून गेली, मग जीभ चावली. माझा घाम पुसला. आईला दाखवायला फोटो काढला.

५ मार्च
घर नंबर सदतीस कोरला की त्र्याहत्तर? जीव थाऱ्यावर नाही. ही म्हणते, "तो सगळी गल्ली पालथी घालेल, तुम्ही आधी जेवा."

६ मार्च
लेकीने फोटो मोठा करून आणला. नंबर बरोबर आहे. हिने सहज खुणा मोजल्या — सोळा.

मी पंधराच केल्या होत्या!

सोळावी सगळ्यांत वर, वरची बिजागरी बसवली होती त्या खाचेत. दार जागेवर असताना तिथे पटाशी जातच नाही. म्हणजे ही खूण दार गेल्यानंतरची!

बाळा, केवढा उंच झालास रे! पत्ता खाली कोरलाय. पुन्हा गेलास तर वाच. एक ओळ तरी टाक, लवकर.