पिंडो आई, क्वीन बाप

३ एप्रिल २०१६, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर तेव्हाचं तेव्हा बघू.

संकल्प: पुढच्या वसंतात पाम सोसायटीच्या सभेत हारलन टीग बोलणार. विषय, हारलन टीगने घडवलेला नवा पाम. आई म्हणजे आमच्या अंगणातला पिंडो पाम, थंडीला न डगमगणारा. बाप म्हणजे समोरच्या घरातल्या डॉयलचा क्वीन पाम. नाव क्वीन, तरी बापच. त्याला मी काय करणार! या संकराला फ्लोरिडात सगळे म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर. गावंढळपणा नुसता. माझ्या पामाचं नाव 'टीग'. ठरलं.

लॉरीनला सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, पण जूनमध्ये लग्नाला चाळीस वर्षं होतायत, स्मोकीच्या डोंगरात न्यायचं कबूल केलंयस, आठवतंय ना? आठवतंय. माझं काम मेमध्ये उरकतं. जून मोकळा.

१७ एप्रिल
क्वीनचा फुलोरा मिळाला. डॉयलने स्वतः चढून कापून दिला. जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या, शास्त्राचा गंध नाही, पण अंगात रग आहे. मला 'मास्तर' म्हणतो. मी उपप्राचार्य होतो हे त्याला अनेकदा सांगून झालं.

फुलं जेवणाच्या टेबलावर सुकत घातली. पंखा बंद, खिडक्या बंद. जेवण मांडीवर ताट घेऊन. लॉरीनला शिंका येतायत. पलीकडे तोंड करून शिंक म्हणालो, पराग उडतो.

२० एप्रिल
पराग चाळला, डबीत भरला, फ्रीजरमध्ये ठेवला. जागा करायला लॉरीनचं आइस्क्रीम बाहेर काढलं, ते बाहेरच राहिलं. तिने ओटा पुसून घेतला. समजूतदार आहे.

२ मे
पिंडोचा फुलोरा बाहेर पडला! आता खरी परीक्षा. एकाच फुलोऱ्यात नर फुलं चिक्कार, मादी थोडी. नर आधी उमलतात. त्याआधी एकूण एक नर खुडायचा, नाहीतर आईसाहेब घरच्या घरी सगळं उरकून घेतात. मग वर कापडी पिशवी बांधायची, आणि मादी तयार झाली की आत डॉयलचा पराग सोडायचा. म्हणजे त्याच्या क्वीनचा.

खुडायचं काम लॉरीनकडे. तिची बोटं नाजूक आहेत आणि मला शिडीवर गरगरतं. खालून मार्गदर्शन माझं.

५ मे
मोठा अनर्थ टळला. लॉरीन शिडीवरून पडली. मी शिडी सोडून क्षणभरच आत आलो होतो, निरीक्षण टिपून ठेवायला. बाहेर येऊन आधी वर बघितलं. फुलोरा शाबूत! बाहेरची एक काडी मोडली, तेवढंच.

लॉरीनचं उजवं मनगट. इस्पितळात डॉयलने नेलं, कारण पिशवी लगेच बांधायला हवी होती. डॉक्टरांचं म्हणणं, हाड सरकलंय, ऑपरेशन करावं लागेल. बघू. नर फुलं थोडीच राहिलीत, डाव्या हाताने होतील.

९ मे
डाव्या हाताने फार सावकाश चाललंय. डॉयल शिडी धरतो. दोघं कशाला इतकी हसतात कोण जाणे. शास्त्रीय काम हसण्यावारी नेऊ नका, असं खडसावलं. डॉयल म्हणाला, मास्तर, मला वर्गाबाहेर उभं करा. त्यावर लॉरीन अशी हसली की शिडी हलली. काही नरांची तोंडं उघडल्यासारखी वाटली. तिला वेळ लागतो म्हणून. पण चालतंय.

१४ मे
पराग सोडला. हे मात्र मी स्वतः केलं, दोन पायऱ्या चढून, लॉरीनच्या पावडरच्या पफने. ऐतिहासिक क्षण. लॉरीनला फोटो काढायला सांगितला. एका हाताने काढल्यामुळे माझं डोकं कापलं गेलं.

१२ जून
आज लग्नाला चाळीस वर्षं झाली. डोंगर रद्द. फळं धरलीत आणि रॅकून टपून बसलेत, डोळ्यांत तेल घालून पहारा हवा. लॉरीनला फुलोऱ्याचा मोठा फोटो फ्रेम करून दिला. बराच वेळ बघत बसली. भारावली असणार. फळं उतरली की डोंगरही आणि ऑपरेशनही, असा शब्द दिला.

२१ ऑगस्ट
घरात फितुरी! पिंडोच्या फळांची जेली लॉरीन दरवर्षी चर्चच्या विक्रीसाठी करते. यंदा फळांना हात लावायचा नाही, हे बजावलं होतं. तरी खाली पडलेली गोळा करून तिने पातेलं चढवलं. मी वेळेवर पोचलो. उकळत्या जेलीतून झाऱ्याने बिया काढल्या. त्याही पेरणार, निसर्गाला कमी लेखू नये. जेली मोरीत ओतली. लॉरीन म्हणाली, हारलन, तुला एकदा तरी लाज वाटते का रे? वाटते. पण कामाच्या वेळी नाही.

१८ सप्टेंबर
बियांचं कवच दगडासारखं. हातोडीने हलकेच फोडायचं, म्हणजे कोंब लवकर येतो. माझ्या हाताला वजन आहे. बऱ्याच बियांचं पीठ झालं. उरलेल्या ओल्या शेवाळात घालून पिशव्यांत भरल्या. आता ऊब हवी. लॉरीन मनगट शेकते तो हीटिंग पॅड नेमका त्याच मापाचा! तिला म्हणालो, अशा वेळी माणसाने मन मोठं ठेवावं. ती म्हणाली, माझं मनगट ठणकतंय रे. माणसाला ठणकणं सहन करता येतं, बीला थंडी नाही.

डॉयलने स्वतःचा पॅड तिला आणून दिला. मी मागितला असता तर दिला नसता.

११ डिसेंबर
कोंब नाही. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बी उकरून बघतो. लॉरीन म्हणाली, ओव्हनमधली बिस्किटं अशी मिनिटामिनिटाला उघडून बघशील तर फुगतील का? तिचं सगळं ज्ञान स्वयंपाकघरातलं.

२६ फेब्रुवारी २०१७
कोंब! एक नाही, ट्रेभर! लॉरीनला हाका मारल्या. घरात नव्हती. समोर डॉयलकडे पत्ते खेळायला गेली होती. माझा आनंद मी एकट्यानेच साजरा केला. सभेतलं भाषण पुढच्या वर्षी, रोपं हाताशी घेऊन.

३० जुलै
छाननी. बहुतेक रोपं सडपातळ, निळसर, सावकाश वाढणारी. खानदानी. तीन मात्र वाया गेलेली: पानं रुंद, हिरवीगार, वाढ दांडगट. काहीतरी भेसळ. शाळेतही असंच असायचं, भराभर उंच होणारी पोरं पुढे कामातून जायची. तिन्ही उपटून कचऱ्यात टाकली.

लॉरीन कचऱ्यातून काढून घेऊन आली. जीव आहे रे त्यांच्यात, म्हणाली. घे म्हणालो, तुझ्यासारखीच आहेत, पसरायची हौस फार. तिने कुंड्या डॉयलच्या पडवीत नेऊन ठेवल्या. आमच्या पडवीत जागा नाही.

१५ ऑक्टोबर
लॉरीनचं मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉयल घेऊन गेला होता. मला त्या दिवशी खत घालायचं होतं.

ती काही दिवस डॉयलच्या मागच्या खोलीत राहणार आहे. बरोबरच आहे, आमच्या बेडरूममध्ये रोपांसाठी दिवे रात्रंदिवस चालू असतात, तिला झोप लागत नाही. सोय झाली. शिलाईचं मशीन आणि तिच्या आईचा फोटोही नेला. काही दिवसांसाठी सामान जरा जास्त वाटतं, पण बायकांचं बांधाबांध करणं असंच.

२१ एप्रिल २०१८, शनिवार
सभा झाली.

भाषण उत्तम. स्लाइड स्पष्ट. मग अध्यक्षबाई, विनिफ्रेड ॲस्क्यू, पुढे आल्या, चष्मा वर सरकवून माझ्या रोपांची पानं बोटांत धरून बघितली. म्हणाल्या, हारलन, हे नुसते पिंडो आहेत. नर खुडताना काही उमलून गेले असणार, आईने घरच्या घरी उरकलं. मी म्हणालो, हे एक मत झालं. त्या म्हणाल्या, मत कसलं, पेट्रोल पंपामागे असले हवे तेवढे उगवतात. हॉलभर हशा. माझे जुने विद्यार्थीही होते, ते जास्त हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दारातून कुणीतरी ओरडलं, बाहेर काय आलंय बघा, आणि सगळे बाहेर पळाले. डॉयलच्या ट्रकमध्ये त्याच्या पडवीतल्या त्या तीन कुंड्या होत्या. पानं माझ्या खांद्याला लागतील अशी. विनिफ्रेडबाईंनी तोंडावर हात ठेवला. खरे म्यूल! असे देखणे बघितले नाहीत म्हणाल्या. कुणी केले? लॉरीनने सगळ्यांसमोर सांगितलं, खणखणीत आवाजात: हारलनने. अगदी बरोबर केले त्याने. आणि मग कचऱ्यात टाकले.

पुन्हा हशा. या वेळी टाळ्याही.

ट्रकपाशी तिला गाठून विचारलं, घरी कधी येतेस? ती म्हणाली, मला जाऊन सहा महिने झाले, हारलन. आज पहिल्यांदा विचारतोयस.

२९ एप्रिल, रविवार
पिंडोचा फुलोरा आज बाहेर पडला.

शिडी लावली. हिरवळीवर डगमगते. रस्त्यापलीकडे लॉरीन पडवीत बसली होती. तिला काय म्हणायचं ते सकाळपासून घोकून ठेवलं होतं. मोठ्याने हाक मारली. ती उभी राहिली, हात कपाळावर धरून बघायला लागली. आणि माझ्या तोंडून निघालं, जरा शिडी धरतेस का?

ती म्हणाली, थांब, डॉयलला पाठवते.

डॉयल आला. शिडी धरली. मी आयुष्यात पहिल्यांदा पार वरपर्यंत चढलो. वरून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. लॉरीन टेबलावर जेवणाची ताटं मांडत होती, दोन. गुणगुणत असावी, मान हलत होती.

बराच वेळ वर होतो. डॉयलने विचारलं, काही दिसतंय का? काही नाही म्हणालो. उतरलो. त्याचं जेवण थंड होत होतं, म्हणून त्याला जा म्हणालो.

नर खुडायचे राहिले.