कोमलच्या फॉर्मवरचं ‘नाही’

८ जानेवारी
हेडसर म्हणतो, पोरगी हुशार आहे, तिला लेखनिक कशाला? हुशार असली म्हणजे डोळ्यांना दिसायला लागतं काय? दहावीला बसलेली माझी नात नाक टेकवून वाचते, हे अख्ख्या शाळेला माहीत. सहामाहीला इतिहासाचा निम्मा पेपर कोरा. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, सुनेने तेच प्रश्न वाचले, कोमलने धडाधड उत्तरं दिली. सगळं येतं तिला. म्हणे, “आजी, मले बठ्ठं येस. वाचता वाचताच घंटा वाजी जास.”
पाचोऱ्याच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, अशा पोरांना बोर्डात लिहिणारा मिळतो. पोराने तोंडाने सांगायचं, त्याने लिहायचं. वेळही जादा मिळतो. आणि हा गडी मला हुशारी सांगतो.

१० जाने.
शाळेत गेले. सून सोबत. क्लार्कने बोर्डाचा फॉर्म काढला. दिव्यांग आहे का? पुढे – नाही.
कोणी लिहिलं म्हणून मी आवाज चढवला. तो म्हणे, “अक्का, पाचवीच्या दाखल्यापासून असंच चालत आलं आहे.”
मग आठवलं. पाचवीत नाव घालायला मीच आले होते. मीच म्हणाले होते, नाही लिहा. उद्या कोणी आंधळी म्हणायला नको, स्थळं परत जायला नकोत. सून तेव्हाही मागे उभी, आजही मागेच.
सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. आता खोडा.
“असं खोडता येत नाही अक्का. सिव्हिलचा कागद लागतो.”
“लिहिताना माझं तोंड पुरलं, खोडताना नाही पुरत?”
हसला. हसू दे.

१३ जाने.
स. ६ ची गाडी पाचोऱ्याहून. जळगाव सिव्हिल. दु. ३ ला नंबर. डॉक्टरने डोळ्यात बत्ती मारली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. पोरीला वरचं मोठं एकच दिसलं. खालची ओळ अंदाजाने सांगायला लागली. चिमटा काढला. म्हटलं, येथे पास व्हायचं नाही, दिसत नाही तर नाही म्हण.
इतकी वर्षं दिसतंय असं दाखवायची सवय. ती कोणी लावली ते मला ठाऊक.

२१ जाने.
कागद हातात आला. पक्का. शिक्का, फोटो, सही.
रात्रीच्या आत धुळ्याला बातमी. लेक शोभाचा फोन. “माय, तो कागद शाळेत देऊ नको. पोरनं लगन कसं व्हई?”
म्हटलं, पोरगी पेपर लिहायला बसते आहे, हळद लावून घ्यायला नाही. तुझी आई कोमलच्या पाचवीला जे बोलली तेच तू आज बोलते. मी सुधारले, तू सुधार.
फोन आपटला तिने. आपटू दे, फोन तिचाच.

२३ जाने.
हेडसरला कागद दिला. फॉर्म दुरुस्त करून प्रस्ताव वर पाठवतो म्हणाला. लेखनिक खालच्या वर्गातला पाहिजे, म्हणून भावकीतली नववीची वैशाली ठरवली. अक्षर चांगलं, तोंड बंद.
पारावर शेजारचा नाना टपलेलाच, त्याचा पोऱ्याही दहावीला. “अक्का, मंग आम्हना पोऱ्यालेबी दे ना लिवनारी.”
“तुझ्या पोऱ्याचे डोळे कोमलला दे, आत्ता घेऊन जा वैशाली.”
नानाने तंबाखू मळायला घेतली.

२६ जाने.
झेंडा झाल्यावर दोघींना ओसरीवर बसवलं. कोमल सांगणार, वैशाली लिहिणार. कोमल तोंडातल्या तोंडात पुटपुटते. वैशालीला ऐकू येईना. मी ओरडले. तर कोमलच उलटली. “मले नको लिवनारी. बठ्ठ्या पोरी देखतीन. तूच सांगे ना, कोनलेच समजू देऊ नको.”
हो. सांगितलं होतं. आता उलटं शिक म्हटलं.
जेवली नाही. ताट झाकून ठेवलं, समजूत काढली नाही.
सांजेला आपणहून वैशालीला हाक मारली. भूगोलाचे चार प्रश्न. चौथ्याला आवाज बाहेर रस्त्यावर येत होता.

२ फेब्रु.
शाळेत. प्रस्ताव गेला का?
“गेला अक्का, गेला. उत्तर येईल.”
जावक नंबर दाखवा.
हेडसर क्लार्ककडे पाहतो, क्लार्क रजिस्टरकडे. रजिस्टरात नंबर नाही. टेबलाच्या खणात कोमलचा कागद, घडी घातलेला, जसा दिला तसाच. दहा दिवस.
म्हणे, एका पोरीसाठी नसती भानगड, आधी ‘नाही’ का लिहिलं याची चौकशी लागते, शाळेचं नाव निघतं, तुम्ही समजून घ्या.
चौथी शिकलेली बाई मी, समजायला वेळ लागतो म्हटलं. तोपर्यंत नंबर टाका. खुर्चीवरून उठले नाही. क्लार्कने अर्ज लिहिला, मी पूर्ण नावाची सही केली, अंगठा नाही. नंबर पडला, बोर्डाला मेल गेला, माझ्या कॉपीवर शिक्का. मग उठले.
निघताना हेडसर म्हणाला, बोर्डाकडून फोन येईल, खरंच गरज आहे का विचारतील. घरचं मोठं माणूस जवळ ठेवा.

३ फेब्रु.
अजून फोन नाही. पेपर तोंडावर आले. तरी घरात सांगून ठेवलं आहे, येथेही लिहून ठेवते. फोन आला तर सुनेने उचलायचा नाही. शोभाला कळवायचं नाही. मीही बोलणार नाही, माझं बोलून झालं पाचवीतच. फोन कोमलने घ्यायचा. किती दिसतं, किती नाही, ते तिनेच सांगायचं. मोठ्याने.