खालच्या खोलीतली नऊ मिनिटं

मी, वय चोवीस, धंदा अजून ठरायचा आहे, सध्या घरोघर हवा तपासणाऱ्या मोजणीबाईंच्या यंत्राचा डबा वाहतो. पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितो. शेजारी भावोजी शिलाई मशीन चालवत आहेत; तो आवाज दबावात धरू नये. सोमवारी मोजणीसाठी बंद खाणीत उतरायचं आहे आणि माझा पाय सपाट रस्त्यावरही घसरतो, म्हणून ही घाई.

कलम १. सायकल टपालवाल्याला. घंटी वाजत नाही, ओरडावं लागतं. हिच्यावर बसून मी थेट समुद्रापर्यंत गेलो होतो, पण ते इथे नको.

कलम २. नोंदवही बाईंच्या प्रयोगशाळेला. पानं बारा ते वीस चुकीची आहेत. आमच्या डब्यात सोन्याचे दोन पातळ वर्ख असतात. विजेचा भार दिला की ते एकमेकांपासून फाकतात. जमिनीतल्या खडकातून किरणोत्सर्गी वायू वर येतो, त्याच्या किरणांनी हवेचे कण भारित होतात, वर्खांवरची वीज निसटत जाते आणि ते मिटतात. किती वेळात मिटले ते लिहायचं. तीन आठवडे ते घरोघरी भराभर मिटत होते. शेवटी बाईंनी माझे खिसे उलटे करायला लावले. खाणीजवळ उचललेला एक देखणा काळा दगड निघाला; वर्ख त्याच्याच किरणांनी मिटत होते. "छान आहे हं," एवढंच म्हणाल्या आणि एकोणतीस घरं पहिल्यापासून मोजायला घेतली. साठी उलटलेली, गुडघे धरलेले, तरी प्रत्येक घरी तीनदा. असा माणूस मी इतका भटकलो तरी दुसरा पाहिला नाही.

कलम ३. बाबांनी वरची खोली माझ्या नावावर केली आणि खालची, अर्धी जमिनीत असलेली, ताईच्या. मी घरी येतो वर्षातून चारदा. वर वर्ख मिटायला चाळीस मिनिटं लागली, खाली नऊ. बाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं ही हवा छातीत गेली तर फुप्फुसांचा कर्करोग होऊ शकतो. भावोजी म्हणाले, "हवा मोजतोस? मग दोन मीटर काप, अस्तराला लावतो." ताई हसली नाही. बाळाला थोपटत म्हणाली, "वरची खोली तुझी. तू जिवंत असताना मी तुझ्या जागेत पाय पसरणार नाही." म्हणून माझ्यामागे ती खोली ताईला.

इथवर लिहिलेलं बाईंनी वाचलं. "आणि खाणीतून तू धडधाकट वर आलास तर?"

"तर बरंच झालं की, बाई."

"मग ताई आणि बाळ पुढची पन्नास वर्षं खालीच?"

कलम ३ खोडलं आहे. ती खाडाखोड माझीच. आज दुपारी कचेरीत जाऊन वरची खोली बक्षीसपत्राने ताईला देऊन टाकली. ताई भांडली, "आणि तू कुठे झोपणार रे?" मी म्हटलं, "ताई, मी घरी झोपतो कधी?" तेव्हा कुठे तिने पाळणा उचलला.

आता या कागदातून ताईला काहीच मिळत नाही, त्यामुळे भावोजींची साक्ष चालते, असं वकील म्हणाले.

साक्षीदार:
१. मोजणीबाई
२. भावोजी, शिंपी (डोक्यावर गादी होती, म्हणून सही वाकडी)

ठिकाण: खालची खोली, रिकामी
दिनांक: सतरा, शुक्रवार
लिहून ठेवणार: ताईचा भाऊ