पिवळ्याचा वाटा

प्रिय ठमे,

होस्टेलच्या मेसमध्ये उकडलेल्या अंड्यांतलं पिवळं तुझं, पांढरं माझं. सिस्टरना वाटायचं, माना खाली घालून आपण प्रार्थना करतोय. मग तुझं लग्न झालं. तुझ्यानंतर मी कुणाला जवळ केलं नाही. पिवळं मात्र अजून ताटलीच्या कडेला ठेवते.

परवा भाचीने मला बायकांना बायका भेटवणाऱ्या ॲपवर घातलं. "मावशी, फोटो आत्ताचाच लाव हं!" एक निवृत्त दंतवैद्य नाश्त्याला भेटली. अंडी आली आणि मी न विचारताच पिवळं तिच्या ताटलीत सरकवलं.

"अहो, मलाही पांढरंच आवडतं!" ती हसली. मी ते पिवळं परत माझ्या ताटलीच्या कडेला ओढलं.

होस्टेलपासून जपलेला तुझा स्वेटर भाचीला देतेय. हे पत्र पोस्टात नाही, कपाटातच ठेवतेय. रविवारी दंतवैद्यबाई घरी येणार आहेत. पांढरं आम्ही दोघी वाटून घेऊ, पिवळं मांजराला.

तुझी,
काडी